खडीच्या वाटेवरचे गुरुवार

फोंसेग,
६ एप्रिल २०१९

ती. पोलेतताईस,
धाकट्या मार्सियालचे सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे, गुडघे सोडून. फोनच करणार होतो, पण फोनवर तू तीन वाक्यांत माझी बोळवण करतेस आणि हे प्रकरण तीन वाक्यांत आटपणारं नाही, म्हणून कागद घेतला.

तू मोंतारेलचं घर विकून लेकाकडे, ब्रुनोकडे, लिलला राहायला जाणार, हे मला काल न्हाव्याकडे कळलं. सख्ख्या भावाला, न्हाव्याकडे, तेही अर्धी हजामत झालेली असताना! तडक उठून यावं म्हटलं तर त्या अवतारात उठताही येईना. न्हाव्याला मात्र सगळं पाठ. घर कोणी बेल्जियन जोडपं घेणार, जुन्या रुळांच्या जागी केलेल्या हिरव्या वाटेने जाणाऱ्या सायकलवाल्यांना खोल्या भाड्याने देणार आणि जूनअखेर नोटरीपुढे सह्या होणार. अगं, लिल म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे जुलैमध्येसुद्धा लोकरीचा कोट घालतात आणि स्वयंपाक लोण्यात करतात. तू ऑलिव्हच्या तेलावर वाढलेली बाई, तुझं कसं होणार?

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. लेओंभावोजी गेले, ब्रुनो लांब, आणि डोळ्यांच्या डॉक्टरने माझी गाडी बंद केल्यापासून मीही दोनदाच आलो, तेही दुसऱ्याच्या मोटारीत सामानासारखा. हे सगळं कबूल. पण आता ऐक. जुन्या आगगाडीच्या मार्गाचा उरलेला तुकडा, दरीवरच्या पुलासकट, गेल्या महिन्यात खुला झाला. माझ्या मागच्या अंगणापासून तुझ्या मागच्या अंगणापर्यंत सलग सतरा किलोमीटर वाट झाली. रूळ कधीच गेले होते. आता बारीक खडी अशी दाबून बसवली आहे की चाक नुसतं करकर करत पुढे जातं. मोटार नाही, ट्रक नाही, चढही नावाला नाही, कारण आगगाडीला तो झेपत नसे. मी जाड चाकांची एक जुनी सायकल घेतली. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, की त्या वाटेने बिनधास्त जा, फक्त लोकांच्या कोंबड्या सांभाळ.

तेव्हा माझं म्हणणं असं, की येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी मी तुझ्याकडे जेवायला येतो. तू सही करू नकोस. तीस वर्षं या दरीत पावाची गाडी फिरवली, बर्फ पडला तरी कुणाचा पाव चुकवला नाही. मग सख्ख्या बहिणीकडचं जेवण चुकवेन का?

लोभ ताजा आहे. तुझ्याकडचाही शिळा होऊ देऊ नकोस.

तुझा,
मार्सियाल


मोंतारेल,
१२ एप्रिल २०१९

चि. मार्सियाल यास,
पोलेतचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. तू स्वतः मात्र मिळाला नाहीस.

काल मी दोब केलं होतं. आदल्या दिवशी मांस वाइनमध्ये मुरत घातलं, सकाळी मंद आचेवर चढवलं, संत्र्याची साल टाकली, तुला आवडते म्हणून. बाराच्या घंटा झाल्या तेव्हा ताटं मांडून खिडकीशी उभी राहिले. वाटेवर करकर वाजलं की डोकवायची. रंगीत टोप्या, काळे चष्मे, सायकलच्या दोन्ही बाजूंना बोचकी, अशा कितीतरी परक्यांनी मला हात हलवून नमस्कार केला. दोन वाजता मी एकटीच जेवले. तुझी पावाची गाडी म्हणे बर्फातही चुकत नसे! बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

घराचं मीच तुला सांगायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. सांगितलं नाही, कारण तू हातापाया पडशील आणि मी विरघळेन याची भीती होती. मला इथे भीती वाटते असं नाही, दुखतखुपतही फारसं नाही. पण एकटीसाठी शिजवायला हात उचलत नाही रे. रोज संध्याकाळी सूप आणि चीजचा तुकडा, तोही उभ्याने. ब्रुनोकडे निदान टेबलाशी माणसं असतील.

तरी तू म्हणतोस म्हणून एक अट घालते. जूनअखेरपर्यंत एक गुरुवार, फक्त एक, बाराच्या ठोक्याला माझ्या टेबलाशी बसून दाखव. तसा बसलास तर मी सही करणार नाही. नाही जमलं तर मग लिलला लोकरीचा कोट पाठव.

आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला तरी ये.

तुझी ताई,
पोलेत


फोंसेग,
२० एप्रिल २०१९

ती. पोलेतताईस,
मार्सियालचे कान धरून सा. न. वि. वि.

दोन गुरुवार झाले आणि मी दोन्ही वेळा निघालो होतो, देवाशप्पथ. तू म्हणशील, मग गेलास कुठे. तेच सांगायला बसलो आहे.

रस्त्याने जाणं वेगळं आणि आगगाडीच्या वाटेने जाणं वेगळं, हे मला पन्नास वर्षं या दरीत राहूनही कळलं नव्हतं. रस्त्यावर घरांची तोंडं असतात. दार बंद, खिडक्यांच्या फळ्या ओढलेल्या, आत कोणी आहे की नाही देव जाणे. हॉर्न वाजवावा, पाव द्यावा, पुढे जावं. ही वाट मात्र सगळ्यांच्या पाठीमागून जाते. मागे बघावं तर कोणी सपाता घालून वाटाणे सोलतोय, कोणी बनियनवर कांद्याला पाणी घालतोय, कोणी कोंबडीशी भांडतोय. मागच्या दारी कुणालाच घरी नसल्याचं सोंग करता येत नाही. आणि मलाही न बघितल्याचं करता येत नाही.

पहिल्या गुरुवारी जुन्या फाटकापाशी आबेलने अडवलं. तोच, ज्याला पाव नेहमी जास्त भाजलेला लागायचा. त्याने रानातून शतावरीचे कोंब आणले होते. म्हणाला, की तीस वर्षं तू दारात आलास आणि एकदा तरी बसलास का, नेहमी आपलं इंजिन चालू. मी म्हटलं बहीण वाट बघतेय. तो म्हणाला, मग वाइनचा लहानसाच पेला घे. आता तूच सांग, दारातला पेला नाकारायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. घेतला. तेवढ्यात त्याने अंडी फोडली. कोंबांचं ऑम्लेट झालं, बाराच्या घंटाही झाल्या. भरल्या पोटी पुढे कुठे जाणार, तर मागे फिरलो.

परवाच्या गुरुवारी आबेलकडे मान वळवली नाही. पण पुलापलीकडे इवेत कपडे वाळत घालत होती. तिला आबेलने आधीच फोन करून सांगितलेलं, की मार्सियाल निघालाय. ती कमरेवर हात ठेवून वाटेच्या मधोमध उभी. आबेलकडे पेला घेतलास आणि माझ्याकडे नाही, हे दरीभर सांगू का, म्हणाली. ताई, तिच्यापुढे आगगाडीसुद्धा थांबली असती. तिच्याकडे मेंढीच्या मांसाबरोबर पांढरे वाल होते. वाल उत्तम होते, हे खोटं कशाला बोलू?

पुढल्या खेपेस कानात कापूस घालून येतो. रागावलीस तरी चालेल, पण लोभ वाटेतल्या पेल्यासारखा लहानसा करू नकोस.

तुझा अपराधी,
मार्सियाल


मोंतारेल,
३ मे २०१९

चि. मार्सियाल यास आशीर्वाद.

आणखी दोन गुरुवार गेले. तू कुणाकडे काय खाल्लंस आणि त्यांनी काय वाढलं, हे मला कळवू नकोस. मागचं पत्र वाचताना मी हसले, ते खरं आहे. मग पत्र बाजूला ठेवलं आणि तुझं पालथं घातलेलं ताट उचलून कपाटात ठेवलं, तेव्हा रडू आलं, तेही खरं आहे. सगळ्या दरीला नाही म्हणता येत नाही आणि बहिणीला न बोलता नाही म्हणता येतं, याचं मला वाईट वाटलं. मनात ठेवून कुढण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं.

बेल्जियन नवराबायको सोमवारी येऊन गेले. माणसं चांगली आहेत. बाई माझ्या गुलाबांना हात लावून बघत होती. नवऱ्याने लेओंची अवजारांची खोली फुटपट्टीने मोजली. तिथे सायकली ठेवणार म्हणाला. लेओंचा रंधा अजून तिथे खिळ्याला आहे.

आता पत्र लिहू नकोस. यायचं असेल तर ये.

पोलेत


लिल,
१४ मे २०१९

ती. मार्सियालमामांस,
ब्रुनोचा कृ. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की शेवटचं लिहिलं होतं ते शाळेच्या सहलीवरून, पैसे संपल्याबद्दल. आज मात्र काही मागायचं नाही, आभार मानायचे आहेत.

आई दर गुरुवारी संध्याकाळी फोन करते आणि तुमच्या भेटीची हकिकत सांगते. तुम्ही बाराच्या ठोक्याला दारात सायकल टेकवता, दोनदा वाढून घेता, वर मीठ कमी म्हणून नाक मुरडता आणि नंतर पत्त्यांत उघडउघड लबाडी करता. गेल्या गुरुवारी म्हणे तुम्ही जेवता जेवता खुर्चीतच झोपलात आणि घोरण्याने तिची मांजर पळाली. सगळं ऐकून इथे आम्ही पोट धरून हसलो. मामा, गेल्या हिवाळ्यात आई फोनवर फक्त हवामान सांगायची. पाऊस आहे, ठेवते. म्हणूनच मी लिलला ये म्हणून तिच्या मागे लागलो होतो.

आता मनात येतं, की तिला तिथून उपटून मी चूक तर करत नाही ना? आमचं घर पाचव्या मजल्यावर. मुलं दिवसभर शाळेत, आम्ही दोघं कामावर. तुम्ही असेच दर गुरुवारी येत राहणार असाल तर मी माझा आग्रह सोडतो. तुम्ही नुसतं हो म्हणून कळवलंत तरी मला पुरे. आईला विचारत नाही, कारण ती मला बरं वाटेल तेच सांगते.

मुलांचे साष्टांग नमस्कार. तुमची माया तिच्यावर आहे तोवर मला इथे निवांत झोप लागते.

आपला भाचा,
ब्रुनो


मोंतारेल, तुझ्याच स्वयंपाकघरातून,
३० मे २०१९, दुपार

ती. पोलेतताईस सा. न.

मी आलो आहे. तू कुठे आहेस?

पत्र लिहू नकोस म्हणालीस म्हणून इतके दिवस लिहिलं नाही, पण आता तू घरी नाहीस त्याला मी काय करू? किल्ली नेहमीच्या कुंडीखाली होती. आत आलो तर टेबलावर दोन ताटं, दोन पेले, घडी केलेले रुमाल आणि चुलीवर गार होत आलेलं दोब. दोनदा हाक मारली. गुलाबांत बघितलं, तळघरात बघितलं. तुझी मांजर माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी चोर आहे.

ब्रुनोचं पत्र आलं होतं. त्यातून कळलं, की मी तुझ्याकडे दर गुरुवारी जेवतो, दोनदा वाढून घेतो आणि घोरतो. ताई, ते वाचून मला मान वर करवेना. मी तुला टांग देत होतो आणि तू पोरासमोर माझी अब्रू राखत होतीस. त्याला अजून उत्तर लिहिलेलं नाही. हो लिहिलं तर खोटं, नाही लिहिलं तर तुला तोंडघशी पाडल्यासारखं.

मागच्या गुरुवारी पुन्हा निघालो, पुन्हा आबेलच्या चेरीच्या झाडाखाली अडकलो. तेव्हा डोकं लढवलं. आज येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, सगळी दरी घराबाहेर, सकाळी निघालो तर पुलापर्यंतही पोचायचो नाही. पण बारा वाजले, की या देशात कुत्रंसुद्धा वाटेवर राहत नाही. म्हणून बाराच्या घंटेला निघालो. तुझी अट मोडणार हे ठाऊक होतं. उशिरा येऊन शिव्या खाईन, पण येईन, असं ठरवलं. आबेल टेबलाशी होता, त्याची पाठ दिसली. पूल ओलांडला. इवेतच्या अंगणात द्राक्षाच्या वेलीखाली मोठी पंगत बसलेली. मी मान खाली घातली आणि असे पाय मारले, की खडी उडाली. कोणीतरी हाका मारल्या, थांबलो नाही. एक बाई खदाखदा हसत होती. क्षणभर वाटलं, आपली पोलेतच. मग म्हटलं, छे. भावोजी गेल्यापासून तशी हसलेली मी तुला ऐकली नाही.

दीड वाजता पोचलो. तुझ्या खुर्चीत बसलो, खिडकीशी. वाटेवर करकर वाजलं, की उठून बघायचो. दर वेळी कोणी परकाच असे आणि तोही हात हलवून पुढे जाई. दोब खाल्लं, पण एकट्याने घास उतरेना. ताई, हे तू इतक्या गुरुवारी केलंस? मला दोन तासांत रडू फुटलं. मी कधी असं लिहीत नाही, पण आज लिहितो, की माझं फार चुकलं.

चार वाजून गेले. उजेडात घरी पोचायला हवं, डोळे दगा देतात. ताटं धुऊन ठेवली आहेत. रागाने कुठे निघून गेली असलीस तरी रात्री फोन कर, तीन वाक्यं बोल, एकच बोल.

मार्सियाल

ता. क. मीठ खरंच थोडं कमी होतं.


मोंतारेल,
३१ मे २०१९

चि. मार्सियाल यास,
पोलेतचे अनेक, अनेक आशीर्वाद.

रात्री फोनवर मी एक वाक्य बोलले आणि ठेवला, कारण हसू आवरेना. आता सविस्तर ऐक.

काल सकाळी ताटं मांडली आणि त्यांच्याकडे बघून माझंच डोकं फिरलं. म्हटलं, किती दिवस खिडकीशी उभं राहायचं? तो येत नाही ना, मग कान धरून आणते त्याला. चूल बंद केली, माझी बाजाराची सायकल काढली, चाकांत हवा भरली आणि मागच्या दाराने वाटेला लागले. मार्सियाल, चार वर्षं ही वाट माझ्या परसाला लागून तयार होत होती आणि मी तिच्यावर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. ती परक्यांची आहे, असं धरून चालले होते.

खडीवर आधी घाबरले, मग जमलं. पुलाच्या अलीकडे इवेत वाटेच्या मधोमध, कमरेवर हात. मी म्हटलं, थांबायला वेळ नाही, भावाला पकडायला निघाले आहे. ती म्हणाली, मग कशाला तंगडतोड करतेस? तो जाऊन जाऊन जाणार कुठे, दर खेपेला इथेच तर अडकतो. बस, येईल आपोआप. मलाही ते पटलं. तुझ्यासाठी खुर्ची मांडली, ताट मांडलं. तिचे पाहुणे होते, कोकरू होतं, गारेगार गुलाबी वाइन होती. तुझ्या हजामतीची गोष्ट मी सांगितली आणि सगळे लोळले. बारा वाजून गेले तरी तुझा पत्ता नाही. मग एकदम कोणीतरी लाल तोंडाने, मान खाली घालून, धुरळा उडवत गेलं. इवेत ओरडली, अरे हा तर मार्सियाल! आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. जन्मात पहिल्यांदा तू कुणाकडे थांबला नाहीस, आणि तेही कुठे, तर जिथे मी बसले होते!

मी तुझ्या मागे निघायला उठले होते. पण इवेतने चीज आणलं, मग चेरीचा केक आणला आणि केक न खाता उठायचं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पाच वाजता घरी आले. वाटलं होतं तू वाट बघत असशील. धुतलेली ताटं होती आणि तुझं पत्र होतं; तू परत गेलास तेव्हा आम्ही सगळे इवेतकडे आत भांडी घासत असणार, म्हणून पुन्हा चुकामूक. ते उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. तुझ्यावरचा सगळा राग गेला. आता तो विषय काढू नकोस.

अट मात्र तू हरलास. बारा म्हणजे बारा, दीड नव्हे, आणि माझ्या टेबलाशी मीही हवी होते. तरीही आज सकाळी नोटरीला कळवून आले, की सही होणार नाही. बेल्जियन बाईचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं. पण काल मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा परक्या टेबलाशी बसून दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि येताना इवेतने मला पुढच्या रविवारी वाटाणे सोलायला बोलावलं. ब्रुनोचं घर पाचव्या मजल्यावर आहे. त्याला मागचं दार नाही. तिथे मला कोण अडवणार?

ब्रुनोला फोन करून सगळं खरं सांगितलं. तू एकदाही आला नव्हतास, घोरणं मी रचलं होतं. तो म्हणाला, आई, इतकं दोब एकटीने कसं खाल्लंस? आणि मग आम्ही दोघंही हसलो आणि थोडे रडलो. जुलैत पोरांना सायकलींसकट आणणार आहे.

येत्या गुरुवारी मी काही शिजवणार नाही. तू तिकडून नीघ, मी इकडून निघते. ज्याला जो आधी अडवेल त्याच्याकडे त्याने बसावं, दुसऱ्याने शोधत यावं. फक्त एक कर, मान वर ठेवून ये. एखाद्या मागच्या अंगणात बाई खदाखदा हसताना ऐकू आली तर छे म्हणून पुढे जाऊ नकोस. ती मीच असेन.

तुझी ताई,
पोलेत